परीक्षा ऐकणाऱ्याची

तीन जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती असते. त्या निमित्ताने भोपाळातील आपल्या मंडळींत एखादा छोटेखानी कार्यक्रम होतो, चार भाषणे होतात, मुलींना बक्षिसे दिली जातात आणि मग चहा होतो. यंदाच्या चार भाषणांपैकी एक आमचे होते. विषय होता मुक्ता साळवे. भाषण बरे झाले असावे, कारण चहाच्या वेळी दोघातिघांनी मुद्दाम जवळ येऊन तसे सांगितले. आमची नात पहिल्या रांगेत बसली होती. ती आठवीत आहे. घरी परतताना तिने काही विचारले नाही, आणि आम्हीही, खरे सांगावयाचे तर, चहाबरोबरच मुक्तेला विसरून गेलो.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात सूनबाईंना शाळेतून दूरध्वनी आला. वर्गातील पाच मुलामुलींनी मुख्याध्यापिकांना एक पत्र दिले होते आणि त्याखालच्या सह्यांत पहिली सही आमच्या नातीची होती. पालकांनी येऊन भेटावे, असा निरोप होता.

हकीकत अशी. नव्या सत्रात त्या वर्गात ईशान्य भारतातून एक मुलगी आली. वडील लष्करात, बदली भोपाळला. तिच्या डोळ्यांवरून, नाकावरून आणि नावावरून वर्गात एक खेळ सुरू झाला. कोणी तिला 'चीनी' म्हणे, कोणी 'मोमो'. एके दिवशी हजेरी घेताना एका शिक्षकांनीच तिच्या नावाचा उच्चार मुद्दाम वेडावाकडा केला. सारा वर्ग हसला आणि त्यानंतर त्या खेळाला जणू परवानाच मिळाला. त्याच वर्गातील एका मुलाची जात त्याच्या आडनावावरून ताडून काही पोरे त्यास 'कोटेवाला' म्हणत. त्याचाही उल्लेख पत्रात होता. पत्र हिंदीत होते, एका पानाचे होते, आणि त्यात कोणास शिक्षा करावी अशी मागणी नव्हती. हे थांबावे, एवढेच म्हटले होते.

रात्री जेवताना घरात चर्चा झाली. चिरंजीव म्हणाले, दोन वर्षांवर बोर्डाची परीक्षा आली आहे, याच शिक्षकांच्या हाताखाली दिवस काढावयाचे आहेत. सूनबाई गप्प होत्या. आम्ही वडीलकीच्या सुरात म्हणालो, "अगं, तुला कुणी काही म्हटलं का? मग तू कशाला पुढं झालीस?"

नातीने ताटातून मान वर केली. "आबा, मुक्ता किती वर्षांची होती?"

"चौदा," आम्ही म्हणालो.

"मला तेरा पूर्ण झाली आहेत," असे म्हणून ती आपले ताट घेऊन उठली.

त्या रात्री आम्हांस लवकर झोप लागली नाही. महिन्यापूर्वी केलेल्या भाषणाचा कागद काढून तो पुन्हा वाचला. वाचकांपैकी ज्यांस मुक्तेची कथा ठाऊक नसेल त्यांच्यासाठी ती थोडक्यात सांगतो.

पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू केली, आणि पुढे अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलामुलींसाठीही शाळा काढल्या. मांग समाजातील मुक्ता त्यांची विद्यार्थिनी. तीन वर्षे शिकल्यानंतर, वयाच्या चौदाव्या वर्षी, तिने 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध लिहिला. 'ज्ञानोदय' पत्रात तो १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ अशा दोन अंकांत छापून आला. वेद जर आमचे नव्हेत आणि आम्हांस वाचावयाचेही नाहीत, तर आमचा धर्म कोणता, असा सरळ प्रश्न तिने त्यात ईश्वरासच केला आहे. पेशवाईत तालीमखान्यासमोरून जाणाऱ्यांची जी गत होत असे आणि इमारतींच्या पायांत माणसे कशी गाडली जात, ते तिने लिहिले आहे. बाळंतिणीच्या डोक्यावर छप्पर नसते, तेही लिहिले आहे. शेवटी आपल्याच लोकांकडे वळून ती सांगते की, या दुखण्यावर ज्ञान हेच औषध आहे.

परंतु त्या रात्री आमचे लक्ष खिळले ते वेगळ्याच एका जागी. मुक्ता सांगते की, वरच्या जातीच्या पोरांनी दगड मारून मांगाच्या पोरास रक्तबंबाळ केले, तरी त्याच्या घरचे सरकारात दाद मागत नाहीत. का? तर त्याच घरी उष्टे अन्न मागावयास जावे लागते म्हणून. पोटासाठी गप्प बसावे लागते. एकशे सत्तर वर्षांपूर्वी चौदा वर्षांच्या मुलीने गप्प बसण्याचे कारण इतके नेमके ओळखले होते. आणि आमच्या घरी त्या रात्री काय घडले होते? याच शिक्षकांच्या हाताखाली दिवस काढावयाचे आहेत, असेच ना चिरंजीव म्हणाले? फरक इतकाच की मुक्तेच्या लोकांपुढे उपासमार उभी होती आणि आमच्यापुढे फक्त गुणपत्रिका.

शाळेतील अपमानाची दुसरी कथा तर आपल्या मध्य प्रदेशाशीच नाते सांगते. इंदूरजवळच्या महू छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी भीमराव आंबेडकरांचा जन्म झाला. पुढे साताऱ्याच्या शाळेत ते शिकू लागले तेव्हा बसावयाचे गोणपाट त्यांना घरून न्यावे लागे. तहान लागली तर शाळेच्या शिपायाने वरून पाणी ओतावे. शिपाई नसला की पाणीही नाही. हे त्यांनी स्वतःच आपल्या आठवणींत लिहून ठेविले आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधील एक प्रसंग त्यांचे चरित्रकार धनंजय कीर यांनी दिला आहे. गणित सोडविण्यासाठी शिक्षकांनी त्यांस फळ्याकडे बोलाविले आणि वर्गात एकच गलका झाला. मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले असत. ते विटाळतील, या भीतीने मुले ओरडली आणि धावत जाऊन त्यांनी आपापले डबे हलविले. मगच त्या विद्यार्थ्यास फळ्यापर्यंत जाता आले.

म्हणजे त्याही वर्गातील मुलांनी आवाज उठविला होता. तो डब्यांसाठी होता. ती मुले दुष्ट होती असे आम्ही म्हणणार नाही. घरी जे ऐकले, पाहिले, तेच त्यांनी शाळेत आणले. मूल शाळेत जो आवाज काढते तो बहुधा घरी घडलेला असतो, एवढे मात्र त्यावरून कळते.

आता आमच्याच एका आठवणीकडे येतो. ती आजवर कोठे लिहिली नव्हती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य झाले, राजधानी भोपाळला आली, आणि नागपूरच्या सचिवालयातील अनेक मराठी कुटुंबांबरोबर आमचे वडीलही येथे आले. टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरांत आमचे बिऱ्हाड लागले. शाळेत आमच्या हिंदीची यथेच्छ थट्टा होई. आम्ही 'आवाज आ रहा है' म्हटले की वर्ग हसे, कारण हिंदीत आवाज स्त्रीलिंगी. 'मेरा पुस्तक' म्हटले की पुन्हा हशा. आज ते आठवून आम्हीही हसतो. त्या वेळी मात्र कितीतरी दिवस आम्ही वर्गात तोंडच उघडीत नव्हतो. आपल्या वयाच्या अनेक वाचकांनी हे सोसले असेल.

त्याच वर्गात एक मुलगा होता. त्याचे वडील सफाईचे काम करीत. वर्गाबाहेर पाण्याचा माठ असे आणि त्यावर पेला. आम्ही सर्व त्या पेल्याने पाणी पीत असू. त्या मुलाने मात्र ओंजळ धरावयाची आणि शिपायाने वरून ओतावयाचे. अस्पृश्यता हा गुन्हा ठरविणारा कायदा १९५५ मध्येच झाला होता, म्हणजे मुक्तेच्या निबंधानंतर बरोबर शंभर वर्षांनी. तो माठापर्यंत पोहोचला नव्हता. आम्ही रोज ते पाहत होतो. आमच्या बोलण्याला हसले की काय वाटते, हे आम्हांस चांगले ठाऊक होते. तरी त्या मुलासाठी एक शब्दही आम्ही उच्चारला नाही. उलट, एके दिवशी शिपाई नव्हता, तेव्हा त्याने आमच्याकडे पाहिले आणि आम्ही पेला भरून घेऊन आत निघून गेलो. पाचवीनंतर तो शाळेत दिसला नाही. त्याचे नाव आम्हांस आजही आठवते.

स्वतःचा अपमान झाला म्हणजे मनुष्यास दुसऱ्याच्या अपमानाची जाणीव आपोआप होते, असा आपला एक समज असतो. आमच्या बाबतीत तो खोटा ठरला. परप्रांतात आलेल्या आपणा मराठी माणसांस आपली भाषा, आपला गणपती, आपले मंडळ यांचा अभिमान वाटतो आणि तो वाटावाही. परंतु आपणही येथे एके काळी बाहेरून आलेले होतो, ही गोष्ट नव्याने बाहेरून आलेल्या मुलीकडे पाहताना आठवली नाही, तर त्या अभिमानास फारसा अर्थ राहत नाही.

वर्ण आणि जात यांचे नाते विद्वानांनी सांगावे. शाळेतील मुलाच्या दृष्टीने मात्र चेहऱ्यावरून हिणविणे आणि आडनावावरून हिणविणे, दोन्हींची चव एकच. म्हणून येथे सातासमुद्रापलीकडील एक गोष्ट सांगावीशी वाटते. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात फार्मव्हिल नावाचे गाव आहे. तेथे कृष्णवर्णीय मुलांची शाळा वेगळी होती. ती बांधली होती १८० मुलांसाठी आणि शिकत होती साडेचारशेहून अधिक. जागा पुरेना म्हणून डांबरी कागदाच्या झोपड्या उभारून त्यांत वर्ग भरविले जात. बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या विद्यार्थिनीने २३ एप्रिल १९५१ रोजी सर्व मुलांस सभागृहात एकत्र केले, शिक्षकांस बाहेर जाण्याची विनंती केली आणि नवी शाळा मिळेपर्यंत वर्गात बसावयाचे नाही, असे ठरविले. मुलांनी वकिलांना बोलावणे धाडले. ऑलिव्हर हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन हे दोघे वकील आले ते मुलांची समजूत घालून त्यांस वर्गात परत पाठवावे, अशा विचाराने. मुलांचे बोलणे ऐकल्यावर मात्र त्यांनी आपला विचार बदलला. पालकांची संमती घेऊन त्यांनी खटला भरला. वर्णानुसार वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविणारा जो निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी दिला, त्यात एकत्र केलेल्या खटल्यांपैकी हा एक होता.

याच गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गोऱ्या-काळ्या मुलांस एकत्र बसवावे लागेल म्हणून त्या परगण्याच्या कारभाऱ्यांनी १९५९ मध्ये सरकारी शाळाच बंद केल्या. त्या १९६४ पर्यंत बंद होत्या. मुले बोलली, वकिलांनी ऐकले, न्यायालयाने ऐकले, पण गावच्या वडीलधाऱ्यांनी ऐकले नाही, आणि त्याचे मोल पाच वर्षे लहान मुलांनी भरले.

आपल्या देशात न ऐकण्याचे मोल याहून कमी नाही. अरुणाचल प्रदेशातील निदो तानिया हा तरुण विद्यार्थी दिल्लीच्या लाजपतनगरात २९ जानेवारी २०१४ रोजी एका दुकानाशी थांबला. त्याच्या केसांवरून झालेल्या टिंगलीतून भांडण पेटले, त्यास मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. दिल्लीत विद्यार्थी रस्त्यावर आले, मग सरकारने बेझबरुआ समिती नेमली. ईशान्येकडील राज्यांचा इतिहास व जीवन देशभरच्या शिक्षणात यावे, ही त्या समितीच्या शिफारशींपैकी एक. समितीने शाळेकडे बोट दाखविले ते उगीच नव्हे. रस्त्यावर जी टिंगल जिवावर बेतते ती बहुधा एखाद्या वर्गात हसून घेतलेली असते. हैदराबादच्या विद्यापीठातील रोहित वेमुला २०१६ मध्ये गेला. मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेणारी जळगावकडील डॉ. पायल तडवी २०१९ मध्ये गेली. त्यानंतर राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोघी मातांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. महाविद्यालयांतील भेदभाव रोखण्यासाठी २०१२ मध्येच नियम झाले होते, ते नीट अंमलात यावेत, अशी त्यांची मागणी होती. लेकरू बोलत होते तेव्हा ऐकले गेले असते, तर आईवर न्यायालयात उभे राहण्याची वेळ का आली असती?

असो. आता पुन्हा आमच्या घरी येऊ. दुसऱ्या दिवशी सूनबाईंबरोबर आम्हीही शाळेत गेलो. मुख्याध्यापिकांनी पत्र आमच्यासमोर ठेविले. ते वाचताना दोन गोष्टी ध्यानात आल्या. पहिली ही की, मुलांनी तारखा आणि प्रत्यक्ष उच्चारलेले शब्द लिहिले होते, आणि नावे मात्र एकाही वर्गमित्राची लिहिली नव्हती. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पत्र लिहिण्यापूर्वी पाचही जणांनी त्या मुलीस आणि त्या मुलास विचारले होते. मुलाने आपले नाव घालू नका, असे सांगितले, म्हणून ते घातले नव्हते. मुलीने सांगितले की, पत्र द्या, पण माझे म्हणणे मी स्वतः लिहीन. पत्राच्या तळाशी तिच्या अक्षरात तीन ओळी होत्या. तिला दया नको होती. आपले नाव नीट उच्चारले जावे, इतकीच तिची इच्छा होती. मुक्तेने आणि बार्बराने आपले दुःख आपल्याच तोंडाने सांगितले. जो त्या दुःखाच्या बाहेर आहे त्याने आधी विचारावे आणि मग शेजारी उभे राहावे. हे आम्हांस कोणी शिकविले नव्हते. मुलांस ते उमगले होते.

मुख्याध्यापिकांनी पाचही मुलांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले. त्या शिक्षकांनी दुसऱ्या दिवशी वर्गात त्या मुलीस तिच्या नावाचा उच्चार विचारला, आणि तो दोनदा म्हणून पाहिला. सारे काही सुधारले असे नव्हे. खेळाच्या मैदानावर ते शब्द अजून ऐकू येतात, असे नात सांगते. तिच्या दोन मैत्रिणी तिच्याशी बोलेनाशा झाल्या, हेही सांगितले पाहिजे. बोलण्याची किंमत असते आणि ती मुलेच देतात. आपण निदान त्यांस एकटे पाडू नये.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी शाळेत जाणारी नातवंडे आहेत. त्यांच्यापैकी कोणी असे काही सांगत आले, तर 'दुर्लक्ष कर' हे पहिले वाक्य आपल्या तोंडून निघू नये. आधी सारे ऐकावे. काय घडले, केव्हा घडले, कोणते शब्द उच्चारले गेले, ते मुलास लिहून ठेवण्यास सांगावे. मग त्याच्याबरोबर शाळेत जावे, त्यास मागे ठेवून नव्हे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलास शारीरिक शिक्षा करण्यास मनाई आहे, तशीच मानसिक छळासही आहे, हेही ठाऊक असावे. आणि आपलेच मूल हिणविणाऱ्यांत असेल तर? तेव्हा अधिक धीराने ऐकावयास हवे, कारण तेव्हा घरातील भिंतीही तपासाव्या लागतात.

आम्ही त्या तपासल्या. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत अनेक वर्षे एक कप निराळा ठेवलेला असे. धुणेभांडी करणाऱ्या बाईंचा चहा त्यात होई. कोणी तसा नियम केला नव्हता, कोणी कधी विचारलेही नव्हते. शाळेतून परत आलो त्या दिवशी आमची नजर त्यावर गेली, आणि टी. टी. नगरच्या शाळेतील तो माठ व पेला डोळ्यांपुढे उभा राहिला. आमच्या सौभाग्यवतींशी बोललो. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी तो कप उचलून घरातील इतर कपांबरोबर घासावयास टाकला. दुसऱ्या दिवशी सर्वांचा चहा एकाच ट्रेमध्ये आला. बाईंनी ट्रेकडे पाहिले, कोणता कप आपला म्हणून क्षणभर थांबल्या, आणि मग जवळचा उचलला.

इतके करावयास आम्हांस सत्तरी ओलांडावी लागली. नातीने ते तेराव्या वर्षी आरंभिले आहे, याचे समाधान वाटते.